माणसे दुप्पट केली की काम निम्म्या वेळात होते का?

‘माणसे दुप्पट करा, काम निम्म्या वेळात होईल’ हा समज वाढत्या व्यवसायांत वर्षानुवर्षे फिरत आला आहे, आणि सहज वाटून घेता येणाऱ्या कामांत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. जिथे एकाचे काम दुसऱ्याच्या निर्णयावर अडते, तिथे मात्र हिशेब बदलतो: ५ जणांत परस्परसंवादाच्या जोड्या १० असतात, १० जणांत त्या ४५ होतात. शिवाय नव्याला काम समजावण्यात जुन्या, जाणत्या माणसाचाच वेळ जातो. हा खर्च कोणत्याही वहीत दिसत नाही. पडताळण्यासाठी एकाच प्रकारच्या कामाला भरतीपूर्वी व भरतीनंतर किती दिवस लागले आणि त्यांतले किती नुसते मंजुरीची वाट पाहण्यात गेले, याची नोंद ठेवावी. वाट पाहण्याचेच दिवस जास्त निघाले, तर आधी निर्णयाचे अधिकार वाटून द्यावेत.