चुंबक-मांडणी (बालसंग्रहालय)

मुलांनी स्वतः हाताळून पाहावी अशा रीतीने बालसंग्रहालयात केलेली लोहचुंबकांची कायम मांडणी. या नोंदीत खानदेशचे (जळगाव, धुळे, नंदुरबार) हवामान आणि तेथे सहज मिळणारे साहित्य गृहीत धरले आहे.

संज्ञा : संस्कृतातील जुना शब्द ‘अयस्कान्त’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांत तो येतो. शल्य सैल व बिनकाट्याचे आणि जखमेचे तोंड रुंद असेल तरच हा उपाय करावा, अशी अट तेथे आहे. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. उपलब्ध पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा. कालिदासाच्या कुमारसंभवात अयस्कान्त लोखंड ओढतो, अशी उपमा आहे. ‘चुंबक’ची वाट वेगळी. साधारणपणे तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथात कान्तलोहाचे (चुंबकीय लोखंडाचे) भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमकान्त असे पाच प्रकार सांगितले आहेत. म्हणजे तेथे चुंबक हे एका प्रकाराचे नाव असून पुढे ते सबंध वर्गाला लागले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भ्रामक म्हणजे फिरवणारा, कर्षक म्हणजे ओढणारा. नावांवरून हे भेद परिणाम पाहून पाडलेले वाटतात. ती पाच निरनिराळी खनिजे होती असे म्हणण्यास आधार तोकडा आहे.

काळी वाळू : चुंबकीय क्षेत्ररेषा दाखवण्यासाठी सर्रास लोखंडाचा कीस वापरतात. लेथवरचा कीस टोकदार असतो आणि पावसाळ्यात ओल शिरली की गंजून त्याचे गोळे होतात. खानदेशात त्याची गरजच नाही. येथील खडक बेसाल्ट असून त्यातील मॅग्नेटाइटचे (चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या खनिजाचे) कण तापी, गिरणा, पांझरा यांच्या वाळूत उतरतात. मॅग्नेटाइट हे मुळातच लोहाचे ऑक्साइड असल्याने ते किसासारखे गंजत नाही. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच वाळूत फिरवावा. पिशवी उलटी केली की कण सुटतात, उघड्या चुंबकावरचे मात्र निघता निघत नाहीत. पहिल्या खेपेस बेसाल्टचे कणही येतात, कारण त्यांच्यात मॅग्नेटाइट अडकलेले असते. म्हणून माल पाण्यात धुऊन, वाळवून, पुन्हा चुंबकाने वेचावा; तीन खेपांत तो पुरेसा शुद्ध होतो.

40 × 30 सेंमी.च्या बंद पेटीला 50–60 ग्रॅ. पुरे. जास्त घातल्यास रेषा न दिसता ढीग दिसतो. वरचे झाकण ॲक्रिलिकचे नसावे : मार्च ते मेच्या कोरड्या हवेत घासून त्यावर स्थिर विद्युत साचते व बारीक कण झाकणालाच चिकटून राहतात. 6 मिमी. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच आणि तळाला 3 मिमी. प्लायवर पांढरा सनमायका ही जोडी टिकते. चुंबक तळाखालून फिरवायचा. टेबलाची उंची 3–6 वर्षांच्या मुलांसाठी 50–55 सेंमी., मोठ्यांसाठी 65–70 सेंमी.

चुंबक : हाताळायचा चुंबक सुटा देऊ नये, लाकडी चकतीत बंद करून द्यावा. दोन निओडिमियम (लहान पण फार जोरदार) चुंबक गिळले गेल्यास आतड्याच्या दोन पदरांतून ते एकमेकांना ओढतात व आतड्याला छिद्र पडते. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत लहान भाग ओळखण्याचे नळकांडे 31.7 मिमी. व्यासाचे असते, लाकडी चकती त्याच्या दुपटीहून मोठी, 75 मिमी.ची करावी. स्पीकरमधील फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकाची) कडी भंगारात मिळते व येथे तीच बरी. साध्या प्रतीच्या निओडिमियमची तापमान-मर्यादा सुमारे 80° से. आहे, त्यापुढे त्याची ताकद कायमची घटते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली, उन्हातली पेटी त्या दिशेने बरीच वर जाते. फेराइटची ताकद दर अंशाला सुमारे 0.2% घटते, पण थंड झाल्यावर परत येते. फेराइट ठिसूळ असल्याने कडी चकतीच्या खाचेत एपॉक्सीने बसवून 24 तास ठेवावी आणि झाकण पितळी स्क्रूने लावावे. झटपट चिकटणारा गोंद आपटल्यावर सुटतो.

इतर घटक : जळगावच्या डाळमिलांत धान्यातील लोखंडी तुकडे चुंबकाने अडवतात, पारदर्शक बंद पेटीत तूरडाळ व नट घालून ते दाखवता येते. (पेटी बंदच हवी, डाळीला कीड लागते, म्हणून आधी नीट वाळवावी.) भांड्यांची पारखही मुलांना खिळवते. स्टीलच्या पुष्कळ वाट्यांचा तळ चिकटत नाही, पण दाबून वाकवलेली कड किंचित ओढली जाते. 1 मी. तांब्याच्या नळीत घट्ट न बसणारा निओडिमियम चुंबक सोडल्यास तो काही सेकंद घेतो. शेजारच्या पीव्हीसी नळीत सुमारे 0.45 सेकंदात खाली येतो. दोन्ही टोके जाळीने बंद करून नळी मधोमध आसावर फिरती ठेवावी. नळी धरणाऱ्या पट्ट्या लोखंडी लावल्यास चुंबक तेथेच अडतो. ही चूक नेहमी होते.

होकायंत्रे इतर चुंबकांपासून निदान 1 मी. दूर ठेवावीत, नाहीतर सुईची टोके उलटतात. फरशीखालच्या स्लॅबमधील सळ्याही सुई वळवतात, म्हणून लाकडी टेबल शक्य तितके उंच घ्यावे.

पाट्या मराठीसोबत अहिराणीतही असाव्यात. चकत्या दर आठवड्यास हलवून पाहाव्यात. आत खडखड ऐकू आल्यास कडी फुटलेली असते व चकती त्याच दिवशी काढावी.