काचेच्या पेटीला खिडकीतलं ऊन पुरतं का?

एक समज वर्षानुवर्षं फिरतो : मराठवाड्यात ऊन भरपूर, त्यामुळे पाळलेल्या सरड्याची काचेची पेटी खिडकीत ठेवली की दिवा नको, हीटर नको.

मूळ कल्पना बरोबरच आहे. बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला ऊन लागतंच. पण हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व ज्या यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील) किरणांमुळे तयार होतं, ते साध्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. उष्णता मात्र आत येते आणि कोंडते. यूव्हीबी मीटर तावदानाच्या दोन्ही बाजूंना धरून पाहा. मीटर नसेल तर रिकामी पेटी उन्हात ठेवून आत तारेचा थर्मामीटर सोडा. आकडा किती झपाट्यानं चढतो ते दिसेल. प्राणी आत असताना हा प्रयोग करू नका.

म्हणून पूर्ण काचेची नको; पेटी हवी ती १२० × ६० × ६० सेंमीची, प्लायवूडची, पुढे सरकती काच. एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर जाळीची झडप, म्हणजे हवा फिरते. ऊबेच्या बाजूला, उष्णतेच्या दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२ अंश, गार बाजूला २४ ते २८. ही तफावत महत्त्वाची, कारण सरडा जागा बदलूनच अंगाचं तापमान राखतो. यूव्हीबी किरण देणारी दिव्याची नळी वर्षानं बदला. उजेड दिसत राहतो, किरण घटतात.

मे महिन्यात खोलीच ४० वर गेली तर उष्णतेचा दिवा बंद, यूव्हीबी चालू, आणि खोली गार करा. परभणीच्या डिसेंबरात मात्र थर्मोस्टॅटवरचा (ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणारा) हीटर हवाच. सरडा गार बाजूलाही तोंड उघडं टाकून बसला, तर पेटी तापली आहे.