कोयता (ऊसतोड)

ऊसतोडीतील मजुरीचा हिशेब ज्यावर चालतो ते एकक. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता'. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा कोरडवाहू तालुक्यांतून मजूर दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती फेडतात दोघे, पण हातात पडते बहुधा नवऱ्याच्या.

फडात, म्हणजे उसाच्या रानात, बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. कोपीवरचा (मुक्कामाच्या झोपडीवरचा) स्वयंपाक, पाणी, लेकरे याला हिशेबात रकानाच नाही. एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. तो कोयत्यावर पडत असल्याने पाळी असो वा बाळंतपण, दुखणे अंगावर काढले जाते. खाड्याची धास्ती आणि कॅन्सरची भीती घालणारे खासगी डॉक्टर यांतून गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांत एक. उचल जोडीला मिळते म्हणून मुलींची लग्नेही लवकर उरकतात. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 807 मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी.

जातीची गोष्ट थोडी निराळी. मजुरांत वंजारी, बंजारा, दलित, मराठा सगळेच आहेत. टोळी बहुतेकदा गावकी-भावकीतूनच जमते, आणि एकेका टोळीला वेगळे गाठणे मुकादमाला सोपे जाते. संपात मात्र ही जातींची भिंत मोडते, कारण टनाचा दर सर्वांना एकच. जानेवारी 2024 मध्ये मजुरांच्या संघटना व साखर संघ (कारखान्यांचा संघ) यांच्यात तोडणी दरात 34 टक्के वाढीचा करार झाला, तो या एकजुटीमुळेच. पण वाढ झाली ती कोयत्याच्या मजुरीत. त्यातला बाईचा वाटा किती, हे करारात येत नाही. जातीपलीकडे गेलेली संघटनाही इथे नवऱ्याच्याच नावावर थांबली. बीडमध्ये ऊसतोड महिलांची वेगळी संघटना उभी राहिली ती यामुळे. बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंदणी, तिच्या नावाचे ओळखपत्र, मजुरी तिच्या खात्यात आणि फडाजवळ शौचालय, अशा या संघटनेच्या मागण्या आहेत.