निष्ठुर हुकूम आणि विज्ञानकथा : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

विज्ञानकथेतला सेनापती एखादा ग्रह जाळून टाकण्याचा हुकूम देतो, तेव्हा उभा राहणारा नैतिक पेच न्यायालयांत आधीच उभा राहिलेला असतो. २७ जून १९१८ रोजी एका जर्मन पाणबुडीने ‘लँडोव्हरी कॅसल’ हे रुग्णवाहू जहाज बुडवले आणि नंतर जीवरक्षक होड्यांवरही गोळीबार केला. १९२१ मध्ये लाइपझिग येथील जर्मन न्यायालयाने या प्रकरणी दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा दिली. हुकूम देणारा कप्तान मात्र न्यायालयाच्या हाती लागला नाही. हुकूम उघडउघड बेकायदा असेल, तर वरिष्ठांकडे बोट दाखवून सुटता येत नाही, असे त्या न्यायालयाने मानले. नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यानंतर १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने हेच तत्त्व शब्दबद्ध केले, पण त्याला एक अट जोडली : आरोपीला नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य असले पाहिजे. पुढच्या विज्ञानकथांनी नेमकी हीच अट पणाला लावली, असे मला वाटते.

त्याआधीच्या पिढीत एच. जी. वेल्स यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला होता. मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीची कथा सांगणाऱ्या १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत, मंगळावरच्या आक्रमकांना निर्दय ठरवण्यापूर्वी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे युरोपीयांनी काय केले ते आठवावे, असे त्यांनी वाचकांना बजावले. १९०८ च्या ‘द वॉर इन द एअर’मध्ये जर्मन हवाई ताफा न्यूयॉर्कला शरण आणतो, परंतु शहर ताब्यात ठेवण्याइतकी माणसे त्याच्याकडे नसतात, म्हणून प्रतिकार सुरू होताच उरतो तो फक्त बॉम्ब टाकण्याचा हुकूम. शस्त्राची घडणच निष्ठुरतेकडे कशी ढकलते, हे त्यांनी हवाई युद्धाच्या अगदी पहाटेच ओळखले होते.

१९५४ मधील टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा लष्करी नाही, तरी या परंपरेचा साचा तिनेच घट्ट केला. सहा रुग्णांसाठी औषध नेणाऱ्या छोट्या यानात इंधन मोजके असते, आणि लपून आलेल्या कोणालाही बाहेर टाकावे असा नियम असतो. लपून आलेली असते एक निरागस मुलगी, आणि ती मरते. गॉडविन तिला वाचवण्याच्या युक्त्या योजत होते आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत होते, ही हकीकत फार महत्त्वाची आहे. कथेत निसर्गनियमाच्या नावाने सांगितलेली अपरिहार्यता प्रत्यक्षात संपादकीय आग्रहातून आली होती. जादा इंधन का नव्हते, यानाच्या दाराला धड पहारा का नव्हता, हे प्रश्न टीकाकारांनी नंतर विचारले, आणि ते रास्तच होते.

व्हिएतनामनंतर लक्ष हुकूम पाळणाऱ्याकडे वळले. मार्च १९६८ मध्ये ‘मी लाय’ या व्हिएतनामी गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. १९७१ मध्ये दोषी ठरलेल्या लेफ्टनंट कॅलीचा बचाव ‘हुकूम होता’ असाच होता. त्याच युद्धात जखमी झालेले जो हाल्डमन यांनी १९७४ च्या ‘द फॉरेव्हर वॉर’मध्ये असे सैनिक दाखवले, ज्यांच्या मनात संमोहनाने आधीच द्वेष पेरलेला असतो आणि एका शब्दासरशी ते कत्तल करतात. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एंडर्स गेम’मधील मुलाला (१९७७ ची कथा, १९८५ ची कादंबरी) तर आपण सराव करतो आहोत असेच वाटत असते, आणि त्यात एक संपूर्ण प्रजाती नष्ट होते. ही मांडणी हत्या घडवूनही मारणाऱ्याला निर्दोष ठेवते, असा आक्षेप लेखक-समीक्षक जॉन केसेल यांनी २००४ मध्ये सविस्तर घेतला. तो मला पटतो, कारण इथे निवडीची शक्यता लेखकानेच काढून घेतलेली आहे. ‘स्टार वॉर्स’मधील क्लोन सैनिक २००५ च्या चित्रपटात हुकूम येताच आपल्याच सेनानींना ठार करतात; त्यांच्या मेंदूत चिप होती, हे स्पष्टीकरण मात्र २०१४ मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ या मालिकेतून आले, आणि त्याने त्यांचा उरलासुरला दोषही पुसला.

याउलट नव्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेच्या आरंभीच्या एका भागात, शत्रूने वापरले असावे अशा संशयावरून प्रवासी जहाज पाडण्याचा हुकूम निघतो. वैमानिक शुद्धीवर असतो, त्याला नाही म्हणता येत असते, आणि तो गोळी झाडतो. आत माणसे होती की नाही, हे तो भाग ठामपणे सांगत नाही. म्हणून त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते.