कॅनडाच्या किनारी जहाजावर नोकरी: आधी पीआर, मग सर्टिफिकेट

बेलापूरच्या एखाद्या एजंटाने ‘कॅनडाच्या जहाजावर जॉइनिंग, वर्क परमिट आमच्याकडून, थोडा ॲडव्हान्स द्या’ असं सांगितलं असेल, तर आधी हे वाचा आणि मग वडिलांना एफडी मोडायला सांगा. एजंटाकडे डीजी शिपिंगचं (भारताच्या जहाज वाहतूक खात्याचं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स आहे का ते बघा. असलं, तरी नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायची परवानगी त्याला नाही.

आता मूळ मुद्दा. कॅनडाचा झेंडा लावलेल्या जहाजावर अधिकारी व्हायचं तर कॅनडाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते फक्त कॅनडाच्या नागरिकाला किंवा पर्मनंट रेसिडेंटला (पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेल्याला) मिळतं. ही कुणा कारकुनाची मर्जी नाही, कॅनडा शिपिंग ॲक्ट, २००१ मध्येच तसं लिहिलंय. परस्पर कराराने परदेशी सर्टिफिकेट मान्य करण्याची तरतूदही त्यात आहे, पण तिथे काम करायचा हक्क त्यातून मिळत नाही. तो इमिग्रेशनचा वेगळा मामला.

‘पण आमची जहाजं तर कॅनडात जातात की!’ हा प्रश्न हमखास येतो. जातात ना. कॅनडातल्या थंडर बेच्या धक्क्यावर गहू भरून रॉटरडॅमला निघालेलं परदेशी जहाज आंतरराष्ट्रीय वाहतूक करतं, त्यावरच्या आपल्या पोरांना कॅनडाचं वर्क परमिट लागत नाही. तोच गहू त्याच धक्क्यावर भरून क्वेबेकमधल्या बे-कोमोला उतरवायचा असेल, तर ती देशांतर्गत वाहतूक झाली. ती १९९२ च्या कोस्टिंग ट्रेड ॲक्टने कॅनडाच्या, आयात ड्यूटी भरलेल्या जहाजांसाठी राखून ठेवलीय. तिथे परदेशी जहाज लावायचं तर कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सी आधी तपासते, की त्या कामाजोगं देशी जहाज मोकळं आहे का. नसेल तरच लायसन्स, तेही जास्तीत जास्त १२ महिन्यांचं. अशा जहाजावरच्या परदेशी माणसांना मात्र वर्क परमिट लागतं. एजंट म्हणतो ते परमिट खरं असलंच, तर याच फटीतलं असतं. लायसन्स संपलं की जहाज गेलं, आणि त्याबरोबर तुमची नोकरीही.

म्हणून आधी पीआर. बहुतेक जण एक्सप्रेस एंट्रीतल्या (पीआरच्या ऑनलाइन अर्जपद्धतीतल्या) फेडरल स्किल्ड वर्कर योजनेकडे वळतात. तिथे डेक ऑफिसरचा व्यवसाय कोड ७२६०२ आणि इंजिनिअर ऑफिसरचा ७२६०३, दोन्ही टीअर (कौशल्याची पायरी) २ मध्ये, म्हणजे चालतात. एबी, ऑइलर, बोसन हे खलाशी (रेटिंग) मात्र ७४२०१ मध्ये, टीअर ४. हा अनुभव या योजनेत धरला जात नाही. पंधरा वर्षं बोसन म्हणून काढलेल्या माणसाला हे सांगताना जीभ रेटत नाही, पण फी भरून मग कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. इंग्रजीची किंवा फ्रेंचची परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते. शिक्षणाचं मूल्यांकन पदवीचं किंवा डिप्लोमाचं होतं, सीओसी (अधिकाऱ्याचं पात्रता सर्टिफिकेट) म्हणजे पदवी नव्हे.

अडतं ते अनुभवात. नियम म्हणतो, गेल्या १० वर्षांत सलग एक वर्ष पूर्णवेळ काम, किमान १,५६० तास. आपलं गणित कसं? सहा महिने जहाजावर, तीन महिने घरी, पुन्हा सहा महिने जहाजावर. आपल्या मते नोकरी चालूच होती, फाइल बघणाऱ्याला मध्ये खंड दिसतो. रजेतही तुम्ही कंपनीच्या पगारावर असाल, तर तसं कंपनीच्या अनुभवाच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. दर वेळी नवा करार आणि मध्ये काहीच नाही, असं असेल तर अर्जाआधी परवानाधारक सल्लागाराला ते करार दाखवा. अर्जातल्या वैयक्तिक इतिहासात घरी बसलेले महिनेही भरायचे असतात, ‘बेरोजगार’ लिहायला लाजू नका. रिकामा महिना दिसला की शंका येते.

आणि पत्र! रत्नागिरीकडच्या एका सेकंड इंजिनिअरचं पत्र मी पाहिलंय. सात जहाजांची नावं, साइन-ऑन, साइन-ऑफ (चढण्या-उतरण्याच्या तारखा), खाली गोल शिक्का आणि ‘वी विश हिम ऑल सक्सेस’. जनरेटर कोणी ओव्हरहॉल केले, वॉच (पाळीची ड्यूटी) कोण ठेवत होतं, पगार किती, आठवड्याचे तास किती, एक अक्षर नाही. इमिग्रेशनला पद आणि तारखांइतकंच हे सगळं हवं असतं. अर्ज नाकारला गेला. वर्ष गेलं, फी गेली.

बरं, पीआर मिळालं की झालं, असं समजू नका. ते टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. पीआर घेऊन पुन्हा जुन्या परदेशी कंपनीच्या जहाजावर गेलात, तर ते दिवस सर्वसाधारणपणे धरले जात नाहीत. पाच वर्षांत तीन-चार मोठे करार केले की हिशेब कधी चुकला ते कळतही नाही. साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखांची वही ठेवा. नागरिकत्वाला तर ५ वर्षांत १,०९५ दिवस लागतात.

यानंतर ट्रान्सपोर्ट कॅनडाकडून (तिथल्या वाहतूक खात्याकडून) कॅंडिडेट डॉक्युमेंट नंबर काढायचा, म्हणजे आपल्या खलाशांच्या इंडोस नंबरसारखी ओळख. मेडिकल तपासणी ट्रान्सपोर्ट कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच करायची. मग सीओसी, एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण नियमांचे) कोर्स आणि समुद्रसेवेचे पुरावे परीक्षा केंद्राला देऊन मूल्यांकन मागायचं. कोणत्या परीक्षा द्यायच्या, हे त्यांच्याकडून लेखी येईपर्यंत कोर्सवर एक डॉलरही घालवू नका.

आणि इथे ते पत्र दुसऱ्यांदा नडतं. सीडीसीतल्या (खलाशाच्या नोंदवहीतल्या) शिक्क्यांवरून तुम्ही कधी चढलात, कधी उतरलात एवढंच कळतं. परीक्षकाला जहाजाचं टनेज, इंजिनाची शक्ती किलोवॅटमध्ये, सफरीचा प्रकार आणि तुम्ही स्वतः किती काळ वॉच ठेवला, हे हवं असतं. सर्टिफिकेटच्या वर्गाची पात्रताच त्यावर ठरते. आठ वर्षांनी हे गोळा करायला निघालात, तर मॅनेजर बदललेला असतो, कंपनी विकलेली असते आणि जहाज गुजरातेत अलंगला भंगारात कापून झालेलं असतं. म्हणून प्रत्येक साइन-ऑफला, कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर समोर असतानाच, हे मुद्दे लिहिलेल्या कागदावर त्याची सही आणि जहाजाचा शिक्का घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पीआर असलेल्या रेटिंगवाल्यांसाठी एक गोष्ट: सरोवरांमधल्या बऱ्याच जहाजांवर खलाशी युनियनच्या हायरिंग हॉलमधून जातात, तेव्हा कंपनीच्या एचआरला मेल करत बसू नका. हिवाळ्यात सीवे (सरोवरांना समुद्राशी जोडणारा जलमार्ग) बंद असतो आणि जहाजं धक्क्याला बांधून दुरुस्तीला लागतात. मार्चच्या उत्तरार्धात तो उघडतो, तोवर पहिली माणसं जहाजावर पोचलेलीही असतात. मेडिकल आणि कागद फेब्रुवारीतच हातात हवेत.