परराष्ट्र खात्याच्या अनुदान मागण्या आणि खान्देश

परराष्ट्र खात्याच्या अनुदान मागण्या : परदेशांतील वकिलाती, पासपोर्ट सेवा, आंतरराष्ट्रीय संस्थांची वर्गणी आणि मित्रदेशांना दिले जाणारे साहाय्य यांसाठी लागणाऱ्या पैशाची सरकारने लोकसभेपुढे ठेवलेली मागणी. तिला लोकसभा मतदानाने मंजुरी देते. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार हे खान्देशातले चार लोकसभा मतदारसंघ. तेथून निवडून गेलेले चार खासदार दरवर्षी या मतदानाचे हक्कदार असतात. रावेरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर आणि धुळ्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव व बागलाण येते, तर नंदुरबार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

या मंजुरीचा पाया संविधानाच्या अनुच्छेद ११३ मध्ये आहे. लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिची रक्कम कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कोणतीही मागणी सभागृहात मांडता येत नाही. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील जुलै २००७ ते जुलै २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. त्यामुळे २००८-०९ ते २०१२-१३ या पाच अर्थसंकल्पांतल्या सगळ्या मागण्या, परराष्ट्र खात्याचीही, त्यांच्या शिफारशीने सभागृहापुढे आल्या. ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते, हे खरे. तरी जळगावच्या एका लेकीच्या संमतीवाचून पाच वर्षे दिल्लीत एकही मागणी मांडली गेली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

परराष्ट्र धोरणाची चर्चा खान्देशाला नवी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आपल्या भाषणात स्पेन आणि अबिसीनियावर (आजचा इथिओपिया) बोलले. पुढे १९४७ ते १९६४ या काळात पंतप्रधानपदासोबत परराष्ट्र खातेही त्यांच्याकडेच होते.

पैसा कुठे जातो : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात परराष्ट्र खात्याला सुमारे २०,५१७ कोटी रुपये मिळाले. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या घरात होता, म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम चाळीस पैसे या खात्याच्या वाट्याला आले. त्यातले सुमारे ५,४८३ कोटी इतर देशांच्या साहाय्यासाठी होते. सर्वांत मोठा वाटा भूतानचा, २,१५० कोटी. १९६१ साली भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर सुरू झाली, तेव्हापासूनचे हे नाते आहे. त्यानंतर नेपाळ ७०० कोटी, मालदीव ६०० कोटी, मॉरिशस ५०० कोटी. मालदीवसाठी आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पी अंदाजात ४०० कोटी होते. अफगाणिस्तानची रक्कम २०० कोटींवरून १०० कोटींवर आली आणि बांगलादेशला १२० कोटी ठेवले गेले. या चढउतारांतून शेजाऱ्यांशी कसे चालले आहे, हे भाषणांपेक्षा स्पष्ट दिसते. १९६४ पासून चालणारा ‘आयटेक’ हा प्रशिक्षण कार्यक्रमही याच खात्याकडे आहे. परदेशी सरकारांना एक्झिम बँक या आयात-निर्यातीसाठीच्या सरकारी बँकेमार्फत सवलतीचे कर्ज दिले जाते, त्याचा हिशेब अर्थमंत्रालयाकडे असतो. म्हणून परराष्ट्र खात्याची मागणी पाहून भारताची सगळी मदत कळली, असे समजू नये.

समितीची तपासणी : १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की मागण्या विभागवार स्थायी समित्यांकडे जातात. ही पद्धत १९९३ पासूनची. परराष्ट्र व्यवहार समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. खरी छाननी इथे होते. सचिवांना समोर बसवून वकिलातींतील रिकाम्या जागा, रखडलेले प्रकल्प, न खर्चलेला निधी यांवर प्रश्न विचारले जातात. खात्याला मिळणारा पैसा त्याच्या कामाच्या मानाने तोकडा आहे, असे या समितीने आपल्या अहवालांत वेळोवेळी म्हटले आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि तिच्या बैठका बंद दाराआड होतात.

सभागृहातील मतदान : मागणीला विरोध नोंदवायचा तर सदस्य कपात प्रस्ताव देतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणण्याचा, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करण्याचा आणि एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शंभर रुपये कमी करण्याचा प्रस्ताव असतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भूतानला किती, मालदीवला किती, यावर वेगवेगळे मतदान होत नाही. मत पडते ते अख्ख्या मागणीवर. एखाद्या खासदाराला एकाच देशाचे साहाय्य खटकत असले, तरी ते सांगायला कपात प्रस्ताव हाच मार्ग आहे. आणि तो मंजूर झाला तर सरकारवरचा विश्वास उडाला असा अर्थ होतो, म्हणून सत्तापक्षाचा पक्षादेश निघतो. पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीनुसार धोक्यात येते.

मंजुरी सहसा आवाजी मतदानाने होते. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात आणि कौल जाहीर होतो. कोणी हरकत घेतली तरच मतविभागणी होते आणि कोणी कसे मत दिले ते नोंदले जाते. ग्रामसभेत हात कोणी वर केला हे गावाला दिसते. लाखो मतदारांच्या प्रतिनिधीने परराष्ट्र खात्याच्या मागणीवर काय म्हटले, हे मात्र बहुतेक वर्षी कागदावर उरतच नाही. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चेला वेळ पुरत नाही. दरवर्षी मोजकी खाती चर्चेला घेतली जातात आणि ठरलेल्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. यालाच गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली तर सगळ्याच खात्यांच्या मागण्या अशा विनाचर्चा मंजूर झाल्या. ही सवय लोकशाहीला घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

यानंतर मंजूर रकमा तिजोरीतून काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते. ते धन विधेयक असल्याने राज्यसभेने १४ दिवसांत परत करायचे असते. तिला मागण्यांवर मत देता येत नाही, फक्त खात्यांच्या कारभारावर चर्चा करता येते. निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी, घेतात. २०२४ मध्ये पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला आणि खान्देशातून त्या वर्षी निवडून आलेल्या चारही खासदारांना परराष्ट्र खात्याच्या २२,१५४ कोटींच्या मागणीवर मत देण्याचा अधिकार मिळाला. वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या येतात.

अमेरिकेची रीत वेगळी आहे. तिथे दोन्ही सभागृहे रक्कम वाढवूही शकतात. जुलै २०२५ मध्ये आधी मंजूर झालेले सुमारे ९ अब्ज डॉलर, त्यांतले बहुतांश विदेश साहाय्याचे, मागे घेणारे विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर झाले. कोण कोणत्या बाजूला होता, हे तिथल्या मतदाराला नावानिशी वाचता येते.

खान्देशाशी संबंध : परक्या कायदेमंडळातले मत आपल्या ताटापर्यंत पोहोचते, हे मागच्या पिढीने अनुभवले आहे. अमेरिकन काँग्रेसने १९५४ मध्ये केलेल्या ‘पीएल ४८०’ कायद्याखाली भारतात धान्य आले आणि महाराष्ट्रात रेशनवर लाल मिलो (अमेरिकेतली तांबडी ज्वारी) मिळू लागली. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती गळ्याखाली उतरवणे जड गेले, पण दुष्काळात तिनेच चूल पेटती ठेवली. त्या वेळी आपण घेणारे होतो. आता खान्देशच्या करातूनही देणे चालते.

देण्यातले काही फिरून परतही येते. रावेर-यावलच्या केळीला इराण, इराक आणि आखाती देशांत गिऱ्हाईक आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी दुबईला रवाना झाली. इराणमधल्या चाबहार बंदरासाठी २०२५-२६ मध्येही १०० कोटी रुपये परराष्ट्र खात्याच्याच मागणीत होते. त्या बाजारांतली वकिलात आणि बंदर ही रावेरच्या बागायतदाराच्या कामाची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीचा पैसा रावेरच्या खासदाराच्या मताचाही विषय आहे. कपात प्रस्ताव आणि परराष्ट्र खात्याला विचारलेले प्रश्न सदस्याच्या नावानिशी लोकसभेच्या कामकाजात छापले जातात, आणि ते कोणालाही पाहता येतात.