टॉगल बटण (टूलबारवरील)

टॉगल बटण म्हणजे एकदा दाबले की चालू होणारे, पुन्हा दाबले की बंद होणारे आणि मधल्या काळात आपली स्थिती दाखवत राहणारे टूलबारवरील बटण. छपाईचे किंवा फाइल जतन करण्याचे बटण दाबले की काम होते आणि बटण लगेच पूर्ववत दिसते. टॉगल बटण दाबलेलेच राहते. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली ठळक, तिरपे आणि अधोरेखित ही तीन बटणे म्हणजे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपादन सुरू करणारी पेन्सिल, बिंदू शेजारच्या रेषेला चिकटवणारे चुंबक, होडीचे चिन्ह पडद्याच्या मध्यावर ठेवणारे बटण हीसुद्धा त्याच जातीची. कोकण किनाऱ्यावर चिपळूण-कणकवलीचे डीटीपी करणारे, हापूसच्या बागांचे नकाशे काढणारे आणि जीपीएसचा पडदा समोर ठेवून ट्रॉलर हाकणारे तांडेल अशा अगदी वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली ही बटणे असतात.

या बटणाकडे दोन कामे असतात, हुकूम घेणे आणि स्थिती सांगणे. टूलबार रचणारे बहुधा पहिल्याच कामाचा विचार करतात. वापरणाऱ्याच्या चुका मात्र दुसऱ्या कामात बटण कमी पडल्यामुळे होतात. म्हणून या नोंदीत भर स्थिती सांगण्यावर आहे.

प्रकार

सर्वांत साधा प्रकार स्वतंत्र टॉगलचा. ठळक चालू असो वा नसो, अधोरेखित आपल्या जागी चालू किंवा बंद राहू शकते. दुसरा प्रकार गटातल्या टॉगलचा. मजकूर डावीकडे, मध्यावर, उजवीकडे की दोन्ही बाजूंना जुळवायचा, या चार बटणांपैकी एका वेळी एकच दाबलेले राहते. एक दाबले की आधीचे आपोआप उठते.

तिसरी गोष्ट प्रकार नसून स्थिती आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावे ठळक आणि बाकी मजकूर साधा असतो. पूर्ण पत्रिका निवडली तर ठळकचे बटण दाबलेले दिसावे की न दाबलेले? दोन्ही उत्तरे खोटी आहेत. अशा वेळी ‘मिश्र’ अशी तिसरी स्थिती लागते. विंडोजच्या टूलबारमध्ये तिची सोय जुन्या काळापासून आहे. वेब पानांसाठीच्या एरिया या सुगम्यता मानकातही (अपंग व्यक्तींनाही पाने वापरता यावीत यासाठीच्या) टॉगल बटणाच्या स्थितीला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मिश्र’ अशी तीन मूल्ये देता येतात. मिश्र स्थितीत पहिला दाब सगळे ठळक करतो आणि दुसरा सगळे साधे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तो पाळावा, कारण हाताला तीच सवय असते.

खरोखरच तीन पर्याय असतील तिथे टॉगल वापरू नये. सागरी नकाशे दाखवणाऱ्या ओपनसीपीएन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रंगसंगती दिवसाची, संध्याकाळची आणि रात्रीची अशी तीन तऱ्हांची आहे. तिथले बटण दर दाबाला पुढच्या संगतीवर जाते, पण ते दाबलेले किंवा उठलेले दिसून काही उपयोग नाही. पडद्याचा रंगच स्थिती सांगतो.

पूर्वपीठिका

टॉगल बटणाने ‘अवस्था’ निर्माण होते, म्हणजे तीच कळ दाबून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे फळ मिळते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात काम करणारे लॅरी टेसलर यांनी अशा अवस्थांविरुद्ध जन्मभर बाजू मांडली. त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही ‘नोमोड्स’ (म्हणजे ‘अवस्था नकोत’) असे होते. त्यांचा आक्षेप रास्त होता. अवस्था दिसली नाही तर माणूस फसतो. टूलबारवरच्या दाबलेल्या बटणाने अवस्था काढून टाकली नाही, पण ती डोळ्यांसमोर आणली. १९८९ साली विंडोजसाठी आलेल्या पहिल्या वर्डमध्ये ठळक-तिरप्याची बटणे होती. १९९० च्या एक्सेल ३.० मध्ये टूलबार आला आणि पुढच्या काही वर्षांत तो सर्वत्र रुळला. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये टूलबारच्या जागी रिबन ही टॅबांत विभागलेली पट्टी आणली, तरी टॉगल बटणे तशीच राहिली. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिसने जुना टूलबार जपला. तो मनाजोगा मांडता येत असल्याने पुढची बरीच उदाहरणे त्यातली आहेत.

आतली जोडणी

स्थिती बटणात राहत नाही, दस्तऐवजात राहते. बटण ती फक्त दाखवते. जिन्यातल्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणे असतात. त्यांतल्या कुठल्याही एकाकडे पाहून दिवा चालू आहे की बंद हे सांगता येत नाही, दिव्याकडेच पाहावे लागते. संगणकावरही ठळकचा हुकूम टूलबारवरून, मेन्यूतून आणि कंट्रोल-बी या कळांनी अशा तीन वाटांनी जातो. तिन्ही वाटांची स्थिती एकच दिसली पाहिजे. शिवाय कर्सर ठळक शब्दातून साध्या शब्दात गेला की कोणी काहीही न दाबता बटण उठले पाहिजे.

नकाशे काढण्याच्या क्यूजीआयएससारखी सॉफ्टवेअर ज्यावर उभी आहेत त्या क्यूटी या साधनसंचात यासाठी ‘क्रिया’ नावाची वस्तू असते. क्रिया एकदाच तयार करायची, तिला ‘दाबून राहणारी’ ठरवायचे आणि तीच मेन्यूत व टूलबारवर दोन्हीकडे लावायची. मग स्थिती वेगवेगळी दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. गटातल्या टॉगलसाठी अशा क्रिया एका क्रियागटात घालायच्या.

नवशिका प्रोग्रॅमर हमखास अडतो तो पुढच्या टप्प्यावर. क्रिया दोन निरनिराळे संकेत देते. ‘ट्रिगर्ड’ हा संकेत वापरणाऱ्याने क्रिया केली की येतो, प्रोग्रॅमने नुसती स्थिती बदलली तर येत नाही. ‘टॉगल्ड’ हा संकेत स्थिती बदलली की येतो, मग ती माणसाने बदललेली असो वा प्रोग्रॅमने. कर्सर हलल्यावर प्रोग्रॅम बटणाची स्थिती जुळवून घेतो. त्या वेळी ‘टॉगल्ड’ला मजकूर ठळक करण्याचा हुकूम जोडलेला असेल, तर नुसता कर्सर हलवल्याने मजकूर बदलू लागतो. म्हणून हुकूम ‘ट्रिगर्ड’ला जोडावा, आणि ‘टॉगल्ड’ला फक्त दाखवण्यापुरती कामे द्यावीत. जीटीके या दुसऱ्या साधनसंचातही प्रोग्रॅमने स्थिती बदलली तरी ‘टॉगल्ड’ संकेत येतोच, त्यामुळे सावधगिरी तिथेही तीच.

बटणाचे नाव स्थितीनुसार बदलू नये. बंद असताना ‘ग्रिड दाखवा’ आणि चालू असताना ‘ग्रिड लपवा’ असे लिहिले आणि वर बटण दाबलेलेही दाखवले, तर ‘ग्रिड लपवा’ दाबलेले आहे म्हणजे ग्रिड दिसते आहे की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला तर ते वाक्य तसेच ऐकावे लागते. नाव ‘ग्रिड’ एवढेच ठेवावे आणि स्थिती दाबण्यातून कळू द्यावी.

दाबलेले बटण फक्त फिकट निळ्या छटेने दाखवणे हा आजकालचा सार्वत्रिक दोष आहे. वेबसाठीच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या २०१८ सालच्या आवृत्तीत, नियंत्रण आणि त्याची स्थिती ओळखण्यासाठी लागणाऱ्या खुणांचा आजूबाजूच्या रंगाशी किमान ३:१ इतका विरोध असावा असे म्हटले आहे. केवळ रंगावर विसंबू नये हा नियम त्याहून जुना. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरातून निघालेल्या ट्रॉलरवर भर दुपारी पडद्यावर ऊन पडते, तेव्हा फिकट छटा मुळीच दिसत नाही. तिथे जाड कड, खोलगट आकार किंवा बदलणारे चिन्हच उपयोगी पडते.

लेखनाच्या टूलबारची मांडणी

लिब्रेऑफिस रायटरमध्ये टूलबारवर उजवे क्लिक केले की दिसणाऱ्या बटणांची यादी उघडते. तिथे एकेक बटण ठेवता किंवा काढता येते. नवे बटण आणणे, क्रम बदलणे, वेगळा टूलबार करणे ही कामे ‘टूल्स’ मेन्यूतल्या ‘कस्टमाइझ’मधून होतात. बटण काढल्याने हुकूम नाहीसा होत नाही, तो मेन्यूत आणि कळांवर राहतोच. म्हणून काढायला घाबरू नये.

मराठीत काम करणाऱ्याने पहिल्यांदा काढण्याजोगी बटणे म्हणजे लेखनाची दिशा ठरवणारी जोडी. देवनागरीसाठी गुंतागुंतीच्या लिपींची सोय चालू केली की त्याच सोयीत मोडणाऱ्या अरबी-उर्दूसाठीची ‘डावीकडून उजवीकडे’ आणि ‘उजवीकडून डावीकडे’ ही बटणेही उपलब्ध होतात. मराठी मजकुरात ती चुकून दाबली गेली तर परिच्छेद उजव्या कडेला जातो, पूर्णविराम भलतीकडे जातो आणि काय बिघडले ते कळत नाही.

तिरपे हे बटणही देवनागरीत जपून वापरावे. बहुतेक देवनागरी फॉन्टांना स्वतंत्र तिरपे वळण नसते, सॉफ्टवेअर उभी अक्षरेच कलती करते. शिरोरेषेखाली कललेल्या काना-वेलांट्या छपाईत वाईट दिसतात. आणखी एक बाब अशी की रायटर रोमन लिपीचा ठळकपणा आणि देवनागरीचा ठळकपणा वेगवेगळे गुणधर्म म्हणून साठवतो. एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी असेल, तर एका लिपीचा मजकूर ठळक आणि दुसरीचा साधा राहू शकतो. बटण दाबलेले दिसूनही अर्धी ओळ साधीच राहिली, तर कारण बहुधा हेच असते.

जे बटण कधीच काढू नये ते न छापल्या जाणाऱ्या खुणांचे. कंट्रोल आणि एफ-१० या कळांनीही ते चालते. ते चालू केले की प्रत्येक मोकळी जागा ठिपक्याने, प्रत्येक टॅब बाणाने आणि परिच्छेदाचा शेवट खुणेने दिसतो. गणेशोत्सव मंडळाच्या अहवालातला जमाखर्च, दशावतारी नाटकाच्या जाहिरातीतली कलाकारांची नावे, गावच्या जत्रेचे कार्यक्रमपत्रक हे सगळे पुष्कळदा स्पेसबार दाबून दाबून रांगेत लावलेले असते. फॉन्ट बदलला की रांगा मोडतात. या बटणाने तो सगळा कारभार उघडा पडतो. ‘घरा साठी’, ‘देवळा समोर’ असे तोडून लिहिलेले शब्दयोगीही त्याच ठिपक्यांनी पकडले जातात. प्रूफ वाचण्याआधी हे बटण चालू करण्याची सवय प्रत्येक डीटीपी करणाऱ्याला लागावी असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

नकाशावरची बटणे

२००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे मुक्त नकाशा-सॉफ्टवेअर बागा, खाड्या, कांदळवन यांचे नकाशे काढायला वापरले जाते. २०१८ मध्ये हापूसला पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे बाग नेमकी कुठे आहे हे दाखवणाऱ्या नकाशांचेही महत्त्व वाढले आहे.

कोकणातली जमीन लहान लहान तुकड्यांची. तुकड्यांमध्ये जांभ्याचे गडगे, आणि गडगा सरळ कधीच नसतो. दोन शेजाऱ्यांच्या बागा नकाशावर काढताना त्यांची सामाईक हद्द एकच रेषा असली पाहिजे. इथे चुंबकाच्या चिन्हाचे बटण कामाला येते. ते चालू असेल तर नवा बिंदू ठरवलेल्या अंतराच्या आत असलेल्या जुन्या बिंदूला किंवा रेषेला नेमका चिकटतो. बंद असेल तर पडद्यावर दोन रेषा एकच दिसतात, पण मोठे करून पाहिल्यास मध्ये फट किंवा एकावर एक चढलेली पट्टी निघते. क्षेत्रफळ चुकते, आणि दोन भावांच्या वाटणीत तेवढेही पुरे होते. चुंबकाशेजारीच सामाईक बिंदू एकत्र हलवणारे टॉगल असते. गडग्याचा कोपरा दुरुस्त करायचा असेल तर तेही चालू हवे, म्हणजे दोन्ही बागांचा कोपरा एकदमच सरकतो.

चुंबक बंद असल्याचे काम करताना जाणवत नाही, ही या बटणाची अडचण. ठळक बंद असेल तर अक्षर लगेच साधे दिसते. चुंबकाचा परिणाम मात्र सूक्ष्म आणि उशिरा कळणारा. ज्या टॉगलचा परिणाम लगेच दिसत नाही, ते बटण टूलबारवर पुढे, मोठे आणि एकटे ठेवावे. क्यूजीआयएसमध्ये टूलबार ओढून हवे तिथे नेता येतात. चुंबकाचा टूलबार पेन्सिलीच्या टूलबारला लागून ठेवणे सर्वांत सोयीचे.

नकाशात बागा, खाड्या अशा एकेका विषयाच्या आकृत्यांचा वेगळा थर असतो. पेन्सिलीचे बटण निवडलेल्या थराचे असते, संपूर्ण नकाशाचे नव्हे. बागांच्या थराचे संपादन चालू आहे, पण यादीत खाडीचा थर निवडला, तर पेन्सिल उठलेली दिसते. बटण खरेच बोलत असते, मात्र ते दुसऱ्या थराबद्दल. बागांचे संपादन अजून चालूच असते आणि यादीतल्या त्या थरावर छोटी पेन्सिल दिसते, तिकडे नजर ठेवावी. बदल जतन न करता पेन्सिल बंद केली तर जतन करायचे, टाकून द्यायचे की थांबायचे, असे विचारले जाते. ज्या टॉगलच्या बंद होण्याने काम वाया जाऊ शकते, त्याने असे विचारलेच पाहिजे.

मांडणी कुठे राहते

एकाच संगणकावर दोघे आळीपाळीने बसतात तिथे एकाने लावलेला टूलबार दुसऱ्याला अडतो. क्यूजीआयएसमध्ये ३.० या २०१८ सालच्या आवृत्तीपासून प्रत्येकाला वेगळे वापरकर्ता प्रोफाइल ठेवता येते. लिब्रेऑफिसची मांडणीही प्रोफाइलमध्येच साठते. म्हणून विंडोज किंवा लिनक्सवर दोघांची खाती वेगळी केली की टूलबारही वेगळे होतात. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल म्हणजे साधा फोल्डर असतो. तो पावसाळ्यापूर्वी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. वीज सारखी जाऊन-येऊन यंत्र बंद पडले, तर नव्या यंत्रावर तो फोल्डर त्याच जागी ठेवला की सगळी बटणे परत मिळतात. मांडणी इतकी बिघडली की काहीच उमगेना, तर लिब्रेऑफिसच्या ‘हेल्प’ मेन्यूतून सेफ मोडमध्ये जाऊन ती मूळपदावर आणता येते. त्याने दस्तऐवजांना धक्का लागत नाही.